ग्रेडियंट वापरायला शिकताना: दोन रंगांच्या मधल्या जागेचा अभ्यास

संगणकावर ग्रेडियंट तयार करायला काही क्षण पुरतात. दोन रंग निवडले आणि माउस ओढला, की एका रंगातून दुसऱ्या रंगात उतरत जाणारी पार्श्वभूमी समोर येते. त्यामुळे यात वेगळे शिकण्यासारखे काही असेल, असे ग्राफिक डिझाइनकडे नव्याने वळलेल्या माणसाला वाटत नाही. पुढे पोस्टर मळकट दिसू लागले, आकाशात पट्टे उमटले किंवा मजकूर अर्ध्यावर वाचेनासा झाला, की तो टोकाचे रंग बदलत बसतो. दोष बहुतेक वेळा टोकांचा नसतो. टोकांचे रंग आपण विचार करून निवडलेले असतात. त्यांच्या मधला पट्टा मात्र सॉफ्टवेअरने आपल्याला न विचारता भरलेला असतो, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोरची सर्वाधिक जागा तोच व्यापतो. हा मधला पट्टा स्वतःच्या ताब्यात घेणे हेच ग्रेडियंटचे खरे शिक्षण आहे, असे मला वाटते, आणि पुढचे सर्व विवेचन त्याच दृष्टीने केले आहे.

उदाहरणासाठी दिवाळी पहाटेच्या गाण्याच्या कार्यक्रमाचे पोस्टर घेऊ. पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक अशा अनेक शहरांत हे कार्यक्रम होतात आणि त्यांच्या पोस्टरवर पहाटेचे आकाश हमखास असते. वर गडद निळा आणि खाली केशरी ही जोडी दिसायला सोपी, पण ग्रेडियंटच्या दृष्टीने अवघड असल्यामुळे शिकण्यासाठी ती फार उपयोगी आहे. काम इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दाखवले आहे; इलस्ट्रेटर, फोटोशॉप किंवा फिग्मा वापरणाऱ्यांना बटणे वेगळ्या जागी सापडतील, परंतु तत्त्व तेच राहील.

मधला रंग कसा ठरतो

पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन घटकांच्या आकड्यांनी लिहिला जातो व प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. ग्रेडियंटमध्ये ज्या जागी आपण रंग नेमून देतो त्या जागेला स्टॉप म्हणतात. दोन स्टॉपच्या मधल्या प्रत्येक बिंदूसाठी सॉफ्टवेअर तिन्ही घटकांची अंतरानुसार सरासरी काढते, त्यापलीकडे सहसा काही करत नाही. शुद्ध निळा म्हणजे ०, ०, २५५ आणि शुद्ध पिवळा म्हणजे २५५, २५५, ०. यांची बरोबर मध्यावरची सरासरी १२८, १२८, १२८ येते, आणि हा रंग निव्वळ करडा आहे. दोन्ही टोके झगझगीत असूनही मध्यभागी रंगच उरत नाही, कारण रंगचक्रावर समोरासमोर असलेल्या रंगांना जोडणारी सरळ रेषा चक्राच्या केंद्रातून जाते आणि केंद्रात करडा बसलेला असतो. लाल आणि हिरवा यांच्या मध्यावर १२८, १२८, ० हा शेवाळी रंग येतो तोही याच हिशेबाने.

याला आणखी एक कारण जोडलेले आहे. आपल्या पडद्यांवर आणि वेबवर रूढ असलेली एसआरजीबी ही पद्धत एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडली. तिच्यातले आकडे प्रकाशाच्या प्रमाणात चढत नाहीत: पांढऱ्याच्या निम्मा प्रकाश हवा असेल तर आकडा १२८ नव्हे, १८८ च्या आसपास लागतो. म्हणून आकड्यांची सरासरी काढून मिळालेला मधला रंग, प्रत्यक्ष दोन प्रकाश एकमेकांत मिसळल्यावर जो दिसला असता त्यापेक्षा काळपट निघतो. फोटोशॉपच्या ग्रेडियंट टूलमध्ये क्लासिक, लिनिअर आणि पर्सेप्च्युअल असे पर्याय दिलेले असतात ते हीच अडचण सोडवण्यासाठी. ब्यॉर्न ऑटोसन यांनी २०२० मध्ये मांडलेली ओकेलॅब ही रंगपद्धतही त्याच हेतूने आली असून, डोळ्यांना उजेडाचा चढ एकसारखा वाटावा अशी तिची रचना आहे. आजचे ब्राउझर वेबवरच्या ग्रेडियंटसाठी ती वापरू शकतात. तरीही या पद्धती मुख्यतः उजेडाचा चढ सुधारतात. समोरासमोरचे रंग सरळ रेषेने जोडले तर मध्यावर रंग फिका पडायचा तो पडतोच. निळ्यातून केशरीकडे जांभळ्या-गुलाबीतून जायचे की हिरव्यातून, हे कोणतेही गणित सांगू शकत नाही. तो मार्ग डिझाइनरनेच आखायचा असतो.

पहाटेचे आकाश, प्रत्यक्ष

इंकस्केपमध्ये १०८० बाय १३५० पिक्सेलचा दस्तऐवज घ्यावा आणि तेवढ्याच मापाचा आयत काढावा. 'जी' ही कळ दाबल्यावर ग्रेडियंट टूल सुरू होते. कंट्रोल दाबून धरून आयताच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत माउस ओढला म्हणजे रेषा तिरपी होत नाही. नवशिके येथे पहिल्यांदा गोंधळतात: इंकस्केप नवा ग्रेडियंट बनवताना आयताच्या मूळ रंगातून त्याच रंगाच्या पूर्ण पारदर्शक छटेकडे जातो, त्यामुळे खालचे टोक रिकामे दिसते. रेषेच्या शेवटचा गोल निवडून 'फिल अँड स्ट्रोक' या चौकटीत त्याचा रंग भरावा आणि अपारदर्शकतेची 'ए' ही पट्टी अखेरपर्यंत उजवीकडे न्यावी. ही पट्टी विसरली तर रंग बदलूनही टोक धूसरच राहते.

वरच्या टोकाला लाल २८, हिरवा ४२, निळा ९४ हा गडद निळा द्यावा आणि खालच्या टोकाला लाल २४४, हिरवा १४२, निळा ६० हा केशरी. आता आयताच्या मध्यभागी काय आले आहे ते नीट पाहावे. तेथे साधारण १३६, ९२, ७७ असा मातकट तपकिरी रंग दिसेल. पहाटेच्या स्वच्छ आकाशात तपकिरी कोठेही नसतो. पोस्टर पाहणाऱ्याला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण आकाश धुरकट आणि जड आहे एवढे त्याला नक्की जाणवेल.

रेषेवर मध्याच्या थोडे खाली दोनदा क्लिक केले की तेथे एक नवा स्टॉप तयार होतो व तो छोट्या हिऱ्याच्या आकारात दिसतो. त्याला त्या जागचा आधीचाच रंग मिळालेला असल्यामुळे सुरुवातीला काहीच बदलल्यासारखे वाटत नाही. त्याचा रंग लाल १७२, हिरवा ७४, निळा ११० असा गुलाबीकडे झुकणारा करावा आणि तो वरपासून सुमारे ५५ टक्क्यांवर ठेवावा. तपकिरी तात्काळ नाहीसा होतो. आता निळा आणि गुलाबी यांच्या मध्ये १००, ५८, १०२ च्या आसपासचा जांभळा, तर गुलाबी आणि केशरी यांच्या मध्ये २०८, १०८, ८५ च्या आसपासचा पोवळ्याचा रंग येतो. केशरी ८५ टक्क्यांवर वर सरकवून सर्वांत खाली २५५, २१४, १५० हा फिकट पिवळसर रंग दिला, की क्षितिजावर उजाडू लागल्याचा भास होतो.

हे चार रंग निवडताना मी एक गोष्ट मुद्दाम पाळली आहे: उजेड वरून खाली फक्त वाढत जातो, मध्येच कोठेही उतरत नाही. पांढऱ्याचा उजेड १०० धरला तर निळ्याचा सुमारे ३, गुलाबीचा १५, केशरीचा ३९ आणि पिवळसराचा ७२ भरतो. रंगछटा कितीही वळणे घेवोत, उजेडाची चढण एका दिशेने असली की डोळा ते आकाश म्हणून स्वीकारतो. मधला स्टॉप जर फार उजळ गुलाबी घेतला आणि त्याखालचा केशरी त्याहून गडद पडला, तर आकाशाच्या मध्यभागी एक आडवा पट्टा चमकू लागतो व त्याचे कारण रंगाकडे पाहून सापडत नाही. म्हणून प्रत्येक ग्रेडियंट एकदा तरी तात्पुरता कृष्णधवल करून तपासावा. रंग काढून टाकल्यावरही जर काळ्याकडून पांढऱ्याकडे सलग उतार दिसत असेल, तर पाया पक्का आहे असे समजावे.

रंगांच्या इतकीच त्यांनी व्यापलेल्या जागेची वाटणी महत्त्वाची असते. सगळे स्टॉप समान अंतरावर ठेवले तर आकाश रंगांच्या नमुन्यांची पट्टी वाटते. जपानी लाकडी ठशांच्या चित्रांत बोकाशी नावाचे तंत्र आहे. त्यात कारागीर ओल्या ठशावर रंग हाताने पुसून त्याची छटा उतरवत नेतो. जपानी चित्रकार हिरोशिगे यांची निसर्गदृश्ये पाहिली तर अनेक चित्रांत आकाशाच्या अगदी वरच्या कडेला गडद निळ्याची अरुंद पट्टी झटकन विरते आणि खालचे बहुतेक आकाश शांत ठेवलेले असते. बदल थोड्या जागेत आणि स्थैर्य पुष्कळ जागेत, ही वाटणी आजच्या पोस्टरलाही तितकीच मानवते, कारण शांत ठेवलेल्या जागेतच मजकूर बसणार असतो.

आता ५५ टक्क्यांच्या स्टॉपकडे बारकाईने पाहिल्यास तेथे एक पुसट आडवी रेघ दिसण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात तेथे कोणतीही रेघ नसते. रंगबदलाचा वेग ज्या ठिकाणी एकाएकी पालटतो, त्या ठिकाणी आपली दृष्टीच उजळ किंवा काळी रेघ निर्माण करते. एर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये या आभासाचे वर्णन केले आणि म्हणून त्याला माख पट्टे म्हणतात. आपल्या उदाहरणात हिरव्याचा आकडा ५५ टक्क्यांपर्यंत अगदी संथ चढतो आणि पुढे जवळजवळ चौपट वेगाने वाढू लागतो, तर निळ्याचा आकडा तोवर थोडा वाढून तेथून उलटा घसरू लागतो. उपाय सोपा आहे. त्या स्टॉपच्या वर आणि खाली प्रत्येकी सात-आठ टक्के अंतरावर दोनदा क्लिक करून नवे स्टॉप घ्यावेत. ते आपापल्या जागचा रंग धरून ठेवतात. मग मधला स्टॉप निवडून डिलीट करावा. एका तीव्र वळणाच्या जागी दोन सौम्य वळणे येतात आणि रेघ विरते. गुलाबी किंचित फिका पडला असे वाटले तर दोन्ही नव्या स्टॉपमध्ये लाल थोडा वाढवावा.

रंग निवडण्याची दृष्टी यायला वेळ लागतो आणि त्यासाठी माझ्या मते छायाचित्रांइतका चांगला शिक्षक नाही. पहाटेचे किंवा सूर्यास्ताचे एखादे स्वतः काढलेले छायाचित्र इंकस्केपमध्ये आणावे, 'डी' दाबून ड्रॉपर घ्यावा आणि वरपासून खालपर्यंत पाच-सहा ठिकाणचे रंग टिपून त्यांचे आकडे कागदावर लिहावेत. नुसते क्लिक केले तर एका पिक्सेलचा रंग येतो आणि त्यात कॅमेऱ्याने चुकीच्या रंगाचा टिपलेला एखादा कण सापडू शकतो. क्लिक करून माउस थोडा ओढला तर तेवढ्या वर्तुळातली सरासरी मिळते, ती घ्यावी. मोबाइल कॅमेरे रंग भडक करून देतात, म्हणून टिपलेले आकडे जसेच्या तसे वापरण्यापेक्षा त्यांच्यातले नाते पाहावे: कोणता घटक आधी वाढतो, कोणता मागून येतो, रंगाचा भडकपणा कोणत्या उंचीवर सर्वाधिक आहे. हा अभ्यास आठवडाभर केला तरी तयार ग्रेडियंटांच्या संग्रहांवरचे अवलंबन बरेच कमी होते.

वर्तुळाकार ग्रेडियंट आणि पारदर्शकता

रेषीय ग्रेडियंटखालोखाल सर्वाधिक उपयोग वर्तुळाकार ग्रेडियंटचा होतो. शंकूसारखा फिरणारा, म्हणजे केंद्राभोवती रंग बदलत नेणारा प्रकार घड्याळाच्या तबकड्या, धातूच्या चकत्या आणि आलेख यांपुरता ठीक असतो. पोस्टरमध्ये त्याची गरज क्वचितच पडते.

आपल्या पोस्टरवर आकाशकंदील लावायचा आहे असे समजू. त्याच्याभोवतीचा उजेड दाखवण्यासाठी कंदिलाच्या मागे एक मोठे वर्तुळ काढून त्याला केंद्राकडे उबदार पिवळा आणि कडेला पारदर्शक असा वर्तुळाकार ग्रेडियंट द्यावा. कडेच्या स्टॉपचा रंग मात्र केंद्राचाच ठेवून फक्त त्याची अपारदर्शकता शून्य करावी. अनेक जण कडेच्या स्टॉपला काळा किंवा पांढरा रंग देऊन तो पारदर्शक करतात, कारण पारदर्शक रंग दिसणारच नाही असे त्यांना वाटते. कडेला तो दिसत नाही हे खरे. पण इंकस्केप ज्या एसव्हीजी फाइल-पद्धतीत चित्र साठवते तिच्यात रंगाचे आकडे आणि पारदर्शकता यांची सरासरी स्वतंत्रपणे निघते, त्यामुळे अर्ध्या वाटेवर निम्मा काळा मिसळलेला मळका पिवळा तयार होतो आणि उजेडाऐवजी काजळी पसरल्यासारखी वाटते. उजेडाचे केंद्रही नेहमी वर्तुळाच्या मध्यावर असावे असे नाही. इंकस्केपमध्ये शिफ्ट दाबून केंद्रावरची खूण ओढली तर नाभी, म्हणजे उजेड जेथून पसरतो तो बिंदू, वेगळी करता येते, आणि कंदील वाऱ्याने किंचित कललेला दाखवायचा असेल तर तेवढ्या बदलाने चित्रात जीव येतो.

पारदर्शक ग्रेडियंटचा दुसरा मोठा उपयोग छायाचित्रावर मजकूर लिहिताना होतो. गायकाच्या छायाचित्राच्या तळाशी नावे लिहायची असतील, तर तळाकडून वर विरत जाणारा गडद पडदा टाकतात. हा पडदा ८० टक्क्यांपासून शून्यापर्यंत एकाच वेगाने उतरवला, तर जेथे तो संपतो तेथे पुन्हा माख पट्टा दिसतो आणि कोणीतरी काळी काच ठेवल्यासारखे वाटते. त्याऐवजी समान अंतरावर पाच स्टॉप घेऊन त्यांची अपारदर्शकता ८०, ४५, २०, ५ आणि ० अशी द्यावी. सुरुवातीला झपाट्याने आणि शेवटी अगदी हळू उतरणारा हा पडदा कोठे संपला ते सांगता येत नाही. पडद्यासाठी निव्वळ काळा न घेता छायाचित्रातलाच एखादा गडद रंग, येथे आपला गडद निळा, घेतला तर छायाचित्र आणि पोस्टर एका घरातले दिसतात.

देवनागरी अक्षरांना ग्रेडियंट देताना

ग्रेडियंटविषयीची बहुतेक शिकवणी रोमन अक्षरे समोर ठेवून केलेली असते, आणि देवनागरीला ती जशीच्या तशी लागू पडत नाही. उभा ग्रेडियंट दिलेल्या देवनागरी शब्दात शिरोरेखा पूर्णपणे वरच्या रंगाची होते. वरचा रंग पार्श्वभूमीच्या जवळचा असेल तर सर्वांत आधी शिरोरेखाच विरते, आणि तिच्याखालची अक्षरे एकमेकांपासून सुटून लोंबकळू लागतात. रोमन अक्षराचा वरचा भाग फिका झाला तरी शब्द तुटत नाही. आपल्याकडे शब्दाला बांधून ठेवणारी रेघच हरवते. म्हणून अक्षरांच्या ग्रेडियंटमध्ये पार्श्वभूमीपासून जास्त वेगळा असणारा रंग शिरोरेखेच्या बाजूला ठेवावा आणि फिकटपणा द्यायचाच असेल तर तो खालच्या अंगाला द्यावा.

दुसरी अडचण मात्रा, वेलांट्या, रफार आणि उकार यांची आहे. 'दिवाळी' आणि 'पहाट' हे शब्द दोन ओळींत वेगवेगळे लिहून दोन्हींना एकच ग्रेडियंट दिला, तरी ते सारखे दिसत नाहीत. 'दिवाळी'ला शिरोरेखेच्या वर दोन वेलांट्या आहेत, तर 'पहाट'च्या वर काहीच नाही. सॉफ्टवेअर ग्रेडियंटची लांबी अक्षरांच्या चौकटीवरून ठरवत असेल, तर पहिल्या शब्दात ग्रेडियंट वेलांटीच्या टोकापासून आणि दुसऱ्यात शिरोरेखेपासून सुरू होतो, आणि दोन्ही शिरोरेखांचा रंग वेगळा पडतो. यासाठी ग्रेडियंटची टोके हाताने हलवून एक टोक बरोबर शिरोरेखेवर आणि दुसरे अक्षरांच्या पायाशी ठेवावे. टोकांच्या पलीकडे शेवटचाच रंग पुढे चालू राहत असल्यामुळे वेलांटी शिरोरेखेच्या रंगाची आणि उकार पायाच्या रंगाचा होतो, आणि प्रत्येक ओळ सारखी दिसते.

आडवा ग्रेडियंट देताना तो पूर्ण ओळीवर पसरलेला असावा. इलस्ट्रेटरमध्ये मजकुराच्या आउटलाइन्स करून, म्हणजे अक्षरांचे आकारांत रूपांतर करून, ग्रेडियंट दिला, की प्रत्येक अक्षर स्वतःचा ग्रेडियंट नव्याने सुरू करते, आणि सलग असायला हवी ती शिरोरेखा तुकड्यातुकड्यांनी रंगलेली दिसते. सर्व अक्षरे निवडून त्यांचा कंपाउंड पाथ, म्हणजे सर्वांचा मिळून एकच आकार, करावा, मग ग्रेडियंट द्यावा. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसंध जातो. आपल्याकडच्या फलकांवर आणि लग्नपत्रिकांवर अतिशय लोकप्रिय असलेल्या सोनेरी अक्षरांनाही हेच लागू आहे. सोनेरी आभास पिवळ्या रंगाने येत नाही. गडद तपकिरी, फिकट पिवळा आणि पुन्हा मध्यम तपकिरी अशा उजेडाच्या जलद चढउतारांनी तो येतो. हे चढउतार जाड, ठसठशीत टाइपातच पेलतात. बारीक अक्षरांवर सोनेरी ग्रेडियंट देऊ नये, तेथे एकच सपाट रंग जास्त श्रीमंत दिसतो.

मजकूर वाचता येतो का, हे डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नये. वेबवरच्या सुलभतेसाठीची डब्ल्यूसीएजी ही मार्गदर्शक तत्त्वे लहान मजकुरासाठी किमान ४.५ आणि मोठ्या मजकुरासाठी किमान ३ इतके अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातल्या तफावतीचे गुणोत्तर मागतात, आणि ते मोजून देणारी साधने मोफत मिळतात. ग्रेडियंटवर हे गुणोत्तर जागोजागी बदलत असते, म्हणून मजकुराखालच्या सर्वांत प्रतिकूल बिंदूवर मोजणी करावी. आपल्या पोस्टरवर पांढऱ्या अक्षरांचे गुणोत्तर वरच्या निळ्यावर १३ हून अधिक, गुलाबीवर ५ च्या थोडे वर आणि केशरीवर मात्र अवघे २.४ भरते. म्हणजे पांढरा मजकूर गुलाबीच्या खाली फार उतरवता येणार नाही. स्थळ आणि वेळ क्षितिजाजवळ लिहायची असतील तर तीच गडद निळी छटा वापरावी, जी केशरीवर ५.७ च्या आसपास गुणोत्तर देते.

पट्टे, फाइल आणि छपाई

गडद निळ्यातून थोड्या कमी गडद निळ्याकडे जाणारी शांत पार्श्वभूमी फार देखणी असते, आणि तिच्यातच पायऱ्यांसारखे पट्टे पडतात. कारण साधे अंकगणित आहे. एखाद्या घटकात फक्त ३० आकड्यांचा फरक असेल आणि उंची १३५० पिक्सेल असेल, तर प्रत्येक आकड्याच्या वाट्याला ४५ पिक्सेलचा सपाट पट्टा येतो. मधला आकडा आठ बिटच्या रंगात, म्हणजे प्रत्येक घटकाला ० ते २५५ एवढेच आकडे असलेल्या रंगात, अस्तित्वातच नसतो. यावरचा उपाय म्हणजे शेजारच्या दोन आकड्यांचे पिक्सेल सीमेवर विखरून टाकणे, ज्याला डिदरिंग म्हणतात. फोटोशॉप आणि गिंप (छायाचित्रांवर काम करण्याचे मोफत सॉफ्टवेअर) या दोन्हींच्या ग्रेडियंट टूलमध्ये त्याचा पर्याय असतो व तो सुरू ठेवावा. गिंपमध्ये 'इमेज' मेनूतून प्रिसिजन १६ बिट करून ग्रेडियंट काढावा आणि शेवटी आठ बिटवर आणावे. तरीही पट्टे राहिले तर एक ते दोन टक्के एकरंगी नॉइज, म्हणजे विखुरलेले बारीक कण, घालावा. एवढा नॉइज दाण्यांच्या रूपात जाणवत नाही, उलट पृष्ठभागाला कागदासारखा पोत देतो; मला तर तो पट्टे नसतानाही हवासा वाटतो.

फाइल साठवताना जीआयएफ आणि 'पीएनजी-८' टाळावी, कारण त्यांत प्रत्येक घटकाला नव्हे तर संपूर्ण रंगालाच आठ बिट मिळतात व एकूण २५६ रंगच मावतात. पूर्ण रंगांची पीएनजी उत्तम. जेपीजी चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे करून ते दाबते, आणि दाब जास्त झाला तर आपण काळजीपूर्वक घातलेला नॉइज पुसून तेथे चौकोन उमटतात. आपल्याकडे पोस्टर बहुतेक व्हॉट्सअॅपवरच फिरते व तेथे छायाचित्र म्हणून पाठवलेली फाइल पुन्हा दाबली जाते. आयोजकांकडे मूळ प्रत डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. पुढे ती कशीही फिरणार हे गृहीत धरून, स्वतःच एकदा छायाचित्र म्हणून पाठवून साध्या मोबाइलवर आकाश कसे टिकते ते पाहावे, आणि पट्टे दिसत असतील तर निळ्याच्या दोन टोकांतला फरक थोडा वाढवावा.

छपाईचे गणित वेगळे आहे. ऑफसेट छपाईत छटा बारीक ठिपक्यांच्या आकाराने दाखवली जाते. २४०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला २४०० बिंदू उमटवणाऱ्या, यंत्रावर इंचाला १५० रेषांची जाळी वापरली, तर प्रत्येक ठिपक्याला १६ बाय १६ सूक्ष्म बिंदू मिळतात आणि साधारण २५६ पायऱ्या दाखवता येतात. जाळी आणखी बारीक करत गेल्यास पायऱ्या कमी होतात. शिवाय दोन-तीन टक्क्यांहून फिकट छटेचे ठिपके कागदावर नीट उमटत नाहीत, त्यामुळे पांढऱ्यात विरणारा ग्रेडियंट जेथे संपायला हवा त्याच्या आधीच तुटतो व तेथे कड दिसते. आपले आकाश तळाशी पिवळसर रंगावर संपते, पांढऱ्यावर नाही, याचा येथे फायदा होतो. पडद्यावरचा झळाळता केशरी आणि जांभळा सीएमवायकेमध्ये, म्हणजे निळी (सायन), किरमिजी, पिवळी आणि काळी या छपाईच्या चार शायांत, मंद पडतात, आणि निळ्यातून केशरीकडे जाताना चारही शाया एकावर एक चढल्या तर आपण घालवलेला तपकिरी मागच्या दाराने परत येतो. म्हणून रंग रूपांतरित केल्यानंतर प्रत्येक स्टॉपचे सीएमवायके आकडे स्वतः तपासावेत, गुलाबीच्या स्टॉपमधला काळा काढून टाकावा आणि निळी शाई कमी करावी. फ्लेक्स असो वा आर्ट पेपर, संपूर्ण छपाईआधी आकाशाची वरपासून खालपर्यंतची हातभर रुंद उभी पट्टी त्याच यंत्रावर, त्याच कागदावर किंवा कापडावर काढून मागावी, ती दिवसाच्या उजेडात पाहावी आणि दुरुस्ती करायची ती मधल्या स्टॉपमध्ये करावी.